सेन्सर घेण्याआधी फोन तपासा

या पानावर आम्ही मधुमेहाबद्दल अनेकदा लिहिलं. आहारावर लिहिलं, पायाच्या जखमांवर लिहिलं, फ्रिज नसलेल्या घरात इन्सुलिन माठाजवळ कसं थंड ठेवायचं यावरही लिहिलं. या वेळी मोबाइल फोनवर लिहितो आहोत. वाचकांना नवल वाटेल, पण हल्ली आरोग्य शिबिरात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "ते दंडाला लावायचं साखरेचं यंत्र घेतलं, पण आमच्या मोबाइलवर चालतच नाही. पैसे गेले का आमचे?"

या यंत्राला इंग्रजीत सीजीएम म्हणतात, आपल्याकडे सगळे 'सेन्सर' म्हणतात. दहाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, जाडसर टिकली असते. ती दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवतात. तिच्याखालचा केसासारखा बारीक तंतू कातडीच्या आत काही मिलिमीटर राहतो आणि तिथल्या द्रवातली साखर मोजत राहतो. बोट टोचायचं काम बरंच कमी होतं. मोठा फायदा असा की बोट टोचून त्या क्षणाचा एकच आकडा मिळतो, आणि सेन्सर रात्रंदिवसाचा आलेख दाखवतो. जेवणानंतर साखर किती चढली, पहाटे किती उतरली, सगळं त्यात दिसतं.

बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळलं ते आपल्या घराघरांत माहीत आहे. त्या काळी घरच्या घरी साखर बघायची म्हणजे परीक्षानळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण घ्यायचं, त्यात लघवीचे थेंब टाकून उकळायचं, आणि रंग हिरवा होतो, पिवळा होतो की विटकरी, ते बघायचं. त्यातून कळायची ती काही तासांपूर्वीची साखर, तीही अंदाजाने. तिथपासून दंडावरच्या टिकलीपर्यंतचा प्रवास मोठा आहे. पण ही टिकली स्वतः काही बोलत नाही. तिच्यावर आकडा उमटत नाही. आकडा दिसतो फोनवर, कंपनीच्या ॲपमध्ये. आपल्या वस्तीतलं माणूस अडतं ते नेमकं इथेच.

सेन्सरची किंमत काही हजार रुपये असते. आपल्याकडे बरेच दिवस जास्त दिसलेला फ्रीस्टाइल लिब्रे हा सेन्सर एकदा लावला की १४ दिवस चालतो, मग काढून टाकायचा. वर्षभर सलग लावायचा तर २६ सेन्सर लागतील. धुणीभांडी करणाऱ्या किंवा नाक्यावर उभं राहणाऱ्या माणसाला हे परवडणारं नाही, आणि ते उगाच गोड शब्दांत सांगण्यात अर्थ नाही. म्हणून आपल्या घरांत तो येतो तो एकदाच, दोन आठवड्यांपुरता, डॉक्टरांनी "एकदा लावून बघू" म्हटल्यावर. त्या दोन आठवड्यांत फोनने दगा दिला तर दुसरी संधी बहुधा नसते.

वस्तीतल्या एका घरात काय झालं ते सांगतो. आईला बरीच वर्षं इन्सुलिन चालू. रात्री घाम फुटायचा, सकाळी डोकं जड, चिडचिड. डॉक्टरांना शंका आली की झोपेत साखर उतरते आहे. त्यांनी सेन्सर सुचवला. मुलगा जेवणाचे डबे पोहोचवण्याच्या कामावर. त्याने उसनवारी करून सेन्सर आणला, दुकानातल्याच माणसाकडून आईच्या दंडाला लावून घेतला, आणि घरी येऊन फोनवर ॲप शोधलं. ॲप उतरलं, पण सेन्सर सुरू होईना. त्याच्या फोनमध्ये एनएफसी नव्हतं. दुकानात परत गेला, तर उत्तर मिळालं, "खोका फोडला, आता परत नाही."

"ताई, मी त्याला म्हटलं, काढून टाक ते," आई आम्हाला सांगत होत्या. "पण पोरगं ऐकेना. म्हणालं, पैसे दिलेत, आकडा बघितल्याशिवाय काढायचं नाही."

शेवटी दोन घरं सोडून राहणाऱ्या, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीच्या फोनमध्ये एनएफसी निघालं. सेन्सर तिच्या फोनवर सुरू केला. आता प्रश्न वेळेचा. हा स्कॅन करायचा सेन्सर शेवटच्या ८ तासांचीच नोंद स्वतःजवळ ठेवतो. ८ तासांत फोन टेकवला नाही तर मधला आलेख कोरा जातो. मग ती मुलगी रोज रात्री ११ वाजता आणि सकाळी ७ च्या आत येऊन फोन टेकवून जायची. दिवसा ती कॉलेजात, म्हणून दुपारचे तुकडे कोरेच राहिले. पण हवी होती ती रात्र मिळाली. पहाटे ३ च्या सुमारास साखर ७० च्या बरीच खाली जात होती. डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन कमी केलं. आता आई नीट झोपतात.

शेजार होता म्हणून हे निभावलं. फोन आधी तपासला असता तर एवढी धावपळ लागली नसती.

फोनमध्ये काय लागतं

एनएफसी म्हणजे अगदी जवळ टेकवल्यावर दोन वस्तूंनी एकमेकींशी बोलायची सोय. मेट्रोचं कार्ड गेटला टेकवतो तेव्हा हेच काम करतं. लिब्रेसारखा सेन्सर सुरू करायला आणि स्कॅन करायला ही सोय फोनमध्ये लागते. आयफोनमध्ये ७ क्रमांकाच्या मॉडेलपासून ती चालते. पण आपल्याकडच्या स्वस्त अँड्रॉइड फोनमध्ये ती बहुतेक वेळा नसते. काही कंपन्या तर परदेशात विकायच्या मॉडेलमध्ये एनएफसी घालतात आणि त्याच नावाच्या भारतातल्या फोनमधून काढून टाकतात. त्यामुळे फोनचं नाव इंटरनेटवर शोधून "आहे" असं दिसलं तरी भरवसा धरू नका. आपल्या हातातल्या फोनच्या सेटिंगमध्ये वरच्या शोधपट्टीत एनएफसी टाइप करा. काहीच निघालं नाही तर बहुधा तो फोन त्या कामाचा नाही. सगळ्याच कंपन्यांचे सेन्सर एनएफसीवर चालत नाहीत, काही फक्त ब्लूटूथवर जोडले जातात. म्हणून कोणता सेन्सर घेणार तेही आधी ठरवा.

सेकंडहँड फोनची वेगळी गंमत आहे. बऱ्याच फोनमध्ये एनएफसीची पातळ तार मागच्या झाकणाला किंवा बॅटरीजवळ चिकटवलेली असते. दुरुस्तीत झाकण किंवा बॅटरी बदलली की ती तार तुटते किंवा नुसतीच राहून जाते. सेटिंगमध्ये एनएफसी चालू दिसतं, पण टेकवलं तर काही होत नाही. धातूचं कव्हर किंवा मागे चिकटवलेली अंगठी असली तरी तोच अनुभव. आधी कव्हर काढून बघा.

दुसरा अडथळा अँड्रॉइडच्या आवृत्तीचा. ॲप बनवणारी कंपनी ठरवते की अमुक आवृत्तीच्या खाली आमचं ॲप चालणार नाही, आणि दर काही काळाने ती मर्यादा वर सरकवते. महागड्या फोनला वर्षानुवर्षं नवी आवृत्ती मिळत राहते. सहा-सात हजारांच्या फोनला एखादी मिळाली तर मिळाली. म्हणजे फोन धडधाकट असतो, कॅमेरा चालतो, पैसे पाठवता येतात, आणि तरी प्ले स्टोअर सांगतं की हे ॲप तुमच्या फोनला चालत नाही. यात फोन वापरणाऱ्याचा काही दोष नाही. आम्हाला राग येतो तो याचा की हे खोक्यावर मोठ्या अक्षरात कुणी छापत नाही. विकणाराही "स्मार्टफोन आहे ना? मग चालेल" म्हणून मोकळा होतो.

यावर एक साधा उपाय आहे आणि त्याला पैसा लागत नाही. सेन्सर विकत घेण्याआधी त्या कंपनीचं ॲप प्ले स्टोअरवरून फोनमध्ये उतरवा. ॲप फुकट असतं. ते उतरलं, उघडलं, खातं तयार झालं आणि एनएफसीबद्दल तक्रार आली नाही, तर पुढे जा. कंपनीच्या संकेतस्थळावर चालणाऱ्या फोनची यादी असते, तीही शाळेत जाणाऱ्या कुणाकडून तरी वाचून घ्या. काही सेन्सरसाठी रीडर नावाचं वेगळं छोटं यंत्र मिळतं. त्याला फोनच लागत नाही. दुकानात रीडर भाड्याने किंवा उसना मिळतो का, दवाखान्यात आहे का, हे विचारायला लाजू नका. रीडर आणि फोन दोन्ही वापरायचे असतील तर लिब्रेचा सेन्सर आधी रीडरवर सुरू करावा लागतो. आधी फोनवर सुरू केला की रीडर त्याला ओळखत नाही.

ॲप प्ले स्टोअरवर मिळत नाही म्हटल्यावर कुणीतरी हुशार भाचा व्हॉट्सॲपवरून त्याची फाइल आणून टाकतो. हे करू नका. सिनेमाचं ॲप असतं तर आम्ही काही बोललो नसतो. इथे त्या आकड्यावर इन्सुलिनचं युनिट ठरणार आहे. कुणी फेरफार केलेलं ॲप कोणता आकडा दाखवेल याची हमी कोण देणार?

दुबईला किंवा लंडनला असलेले नातेवाईक प्रेमाने सेन्सर पाठवतात, तिथेही सावध राहा. ही ॲप देशाप्रमाणे वेगळी असतात आणि सेन्सरच्या पिढ्याही वेगळ्या असतात. तिकडचा सेन्सर इकडच्या ॲपला चालेलच असं नाही. पाठवण्याआधी खोक्याचा फोटो मागवा आणि नेमका तोच प्रकार इथल्या ॲपवर चालतो का ते विचारून घ्या.

एक फोन, पाच माणसं

आता समजा फोन चालला. तरी आपल्या घरांत एक अडचण उरते, आणि ॲप बनवणाऱ्यांच्या डोक्यात ती कधी आलेली दिसत नाही. त्यांनी धरून चाललं आहे की रुग्णाचा फोन रुग्णाच्या खिशात असतो. आपल्याकडे स्मार्टफोन घराचा असतो. सकाळी तो बापाबरोबर कामावर जातो, संध्याकाळी पोरांच्या हातात येतो, रात्री चार्जिंगला लागतो. रुग्ण आजी घरात, फोन ठाण्याला.

नव्या ब्लूटूथच्या सेन्सरमध्ये साखर खाली गेली की फोन स्वतःहून वाजतो. पण लिब्रे २ सारख्या सेन्सरपासून फोन साधारण ६ मीटरच्या आत असावा लागतो. फोन पोटमाळ्यावर आणि रुग्ण खाली ओट्यावर, एवढ्याने काही होत नाही. फोन कामावर गेला तर मात्र दिवसभर इशारा नाही. म्हणून सेन्सर लावायचा त्या दोन आठवड्यांत कोणता फोन घरात राहणार हे सगळ्यांनी बसून ठरवा. ज्या फोनवर सेन्सर सुरू केला तोच बहुधा शेवटपर्यंत लागतो.

फोनची जागा भरली की पोरं ॲप उडवतात. सेन्सरचं ॲप उडवलं की बहुतेक वेळा चालू सेन्सरही हातचा जातो. ॲप पुन्हा टाकलं तरी तो जोडला जात नाही. "क्लिअर डेटा" दाबणंही तसंच. घरातल्या पोरांना हे आधीच सांगून ठेवा. व्हिडिओ उडवा म्हणावं, हे नाही.

नेटपॅक संपला तर? आकडा बघायला बहुतेक ॲपना नेट लागत नाही. खातं उघडताना लागतं, आणि दुसऱ्या गावी असलेल्या लेकीला किंवा डॉक्टरांना आकडे पाठवायला लागतं. त्या पाठवण्यावर पूर्ण विसंबू नये. अमेरिकेत २०१९ च्या नोव्हेंबरअखेरीस डेक्सकॉम कंपनीचा सर्व्हर बंद पडला. लहान मुलांचे आईबाप रात्री आपल्या फोनवर इशारा येईल या भरवशावर होते, त्यांच्या फोनवर तो आलाच नाही.

फोन गप्प राहतो तेव्हा

ॲप चालत नाही हे निदान दिसतं तरी. चालणारं ॲप गुपचूप बंद पडतं तेव्हा जास्त धोका असतो. स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालू असलेली ॲप आपणहून झोपवतात. गाण्याचं ॲप झोपलं तर फरक पडत नाही. साखरेचं ॲप झोपलं तर रात्री ३ वाजता वाजायचा इशारा वाजत नाही, आणि घरच्यांना वाटतं, वाजलं नाही म्हणजे साखर ठीक आहे.

हा त्रास फक्त स्वस्त फोनचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये आयफोनची १७ क्रमांकाची आवृत्ती आली तेव्हा लिब्रे बनवणाऱ्या ॲबट कंपनीनेच वापरणाऱ्यांना सांगितलं होतं की आवृत्ती आपोआप बदलू देऊ नका, आणि बदलली असेल तर तिच्यातल्या एक-दोन नव्या सोयी बंद ठेवा, नाहीतर इशारे चुकू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, ५ फेब्रुवारी २०२५ ला मधुमेहाची यंत्रं फोनवर वापरणाऱ्या सगळ्यांसाठी सावधगिरीची सूचना काढली. फोनच्या सेटिंगमुळे महत्त्वाचे इशारे लोकांना मिळाले नाहीत, असं तीत म्हटलं आहे. फोनची आवृत्ती बदलली, नवा ब्लूटूथ हेडफोन जोडला, फोन शांत ठेवायची सोय चालू केली, किंवा फोनने ॲप गाढ झोपवलं, ही कारणं तिथे दिली आहेत. निदान महिन्यातून एकदा सेटिंग तपासा, असंही सांगितलं आहे.

तर सेन्सर लावला त्या दिवशी, ज्याला फोन कळतो अशा कुणाला तरी शेजारी बसवा आणि त्या ॲपचं सेटिंग उघडा. बॅटरीच्या ठिकाणी "अनरिस्ट्रिक्टेड" किंवा "नो रिस्ट्रिक्शन" करा. "ऑटोस्टार्ट" असेल तर चालू करा. सूचना दाखवायची, ब्लूटूथची किंवा "निअरबाय डिव्हाइसेस"ची परवानगी द्या. जुन्या अँड्रॉइडमध्ये ब्लूटूथसाठी लोकेशनही चालू ठेवावं लागतं. ते मागितलं की लोक घाबरून "नको" दाबतात आणि सेन्सर तुटतो. "डू नॉट डिस्टर्ब" चालू असतानाही या ॲपला वाजायची मुभा द्या. फोनची आवृत्ती आपोआप बदलायची सोय त्या काळापुरती बंद करा. रात्री कानात ब्लूटूथ लावून झोपायची सवय घरात कुणाला असेल आणि फोन तोच असेल, तर इशारा त्या कानातच वाजून जाईल. आणि अलीकडची सगळी ॲप एकेक सरकवून बंद करायची जी खोड आपल्याला लागली आहे, तिच्यात हे ॲप सरकवू नका.

एवढं करूनही ग्लुकोमीटर घरात ठेवाच. पट्टीचा आकडा रक्तातला असतो. सेन्सरचा आकडा कातडीखालच्या द्रवातला असतो आणि तो काही मिनिटं मागे चालतो. त्या कुशीवर झोपून सेन्सर दाबला गेला तरी तो खोटाच कमी आकडा दाखवतो. म्हणून अंगाला घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी असेल आणि ॲप म्हणत असेल "सगळं ठीक", तर ॲपचं ऐकू नका, बोट टोचा. टोचायलाही वेळ नसेल तर साखर द्या. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा बघा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. ॲपमधला आलेख बघून इन्सुलिनचं युनिट स्वतःच्या मनाने वाढवू किंवा कमी करू नका.

आता कुणी विचारेल, मग हा सेन्सर घ्यावा की नाही? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. त्यातल्या बहुतेकांना, विशेषतः गोळ्यांवर असलेल्यांना, सेन्सरची गरज नसते. त्यांना तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी तपासणी, अधूनमधून उपाशीपोटी आणि जेवणानंतरची साखर, आणि पायांकडे लक्ष एवढं पुरतं. सरकारी आरोग्य केंद्रात ३० वर्षांवरच्यांची साखर फुकट तपासतात, तिथे आपली माणसं अजून पुरेशी जात नाहीत. सेन्सरचा खरा उपयोग दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्यांना, टाइप १ च्या मुलांना, आणि साखर उतरलेली ज्यांना जाणवतच नाही अशांना होतो. जाहिरात बघून, किंवा शेजाऱ्याच्या दंडावर दिसला म्हणून, कर्ज काढून तो लावू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी घेतला आणि चालला नाही, त्यांनी सेन्सर, खोका आणि बिल फेकू नये. खोक्यावर कंपनीचा ग्राहक क्रमांक असतो. तिथे फोन करा, सेन्सरवरचा नंबर आणि फोनवर आलेल्या संदेशाचा फोटो जवळ ठेवा. सेन्सर खराब निघाला असेल तर कंपन्या बरेचदा बदलून देतात. दुकानदाराने विचारूनही "चालेल" सांगून विकला असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, मराठीतूनही बोला. आणि इशारा न वाजल्यामुळे किंवा चुकीच्या आकड्यामुळे कुणाच्या जिवावर बेतलं असेल, तर ते नुसतं कंपनीला सांगून थांबू नका. वैद्यकीय यंत्रांमुळे झालेल्या अपायाची नोंद ठेवण्यासाठी २०१५ पासून गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून एक राष्ट्रीय कार्यक्रम चालवला जातो. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत त्याची केंद्रं आहेत, आणि रुग्ण किंवा घरचे लोकही तिथे कळवू शकतात. कळवताना फोनचं मॉडेल आणि अँड्रॉइडची आवृत्तीही लिहा. ती सेटिंगमध्ये "अबाउट फोन" इथे मिळते.